स्कुआ

या शब्दाचं मूळ गाव उत्तर अटलांटिकातल्या फेरो बेटांवर. तिथल्या बोलीतलं एका दांडगट समुद्रपक्ष्याचं नाव इंग्रजीत रुळलं आणि खलाशांबरोबर पृथ्वीच्या थेट दुसऱ्या टोकाला, अंटार्क्टिकाला पोचलं. तिथेही त्याच जातकुळीचं पाखरू होतंच. तपकिरी, आकडीदार चोचीचं, ॲडेली पेंग्विनची अंडी-पिल्लं पळवणारं. रॉस बेटावरच्या मॅकमर्डो या अमेरिकन तळावर तर ते भोजनगृहातून खाणं घेऊन निघालेल्या माणसाच्या हातावरच झडप घालतं.

म्हणजे शब्द चोराचा. पण मॅकमर्डोच्या माणसांनी त्याला जे काम दिलं, त्यामुळे माझा त्याच्यावर जीव जडला. घरी परतणारा माणूस नकोशा वस्तू एका ठरलेल्या जागी ठेवून जातो. बूट, पुस्तकं, टेबलावरचा दिवा, अर्धी राहिलेली शाम्पूची बाटली. ज्याला हवं त्याने न्यावं, पैसे नाहीत, कुणाला विचारणं नाही. ती जागाही स्कुआ, तो ढीगही स्कुआ, आणि तिथे ठेवणं-उचलणं म्हणजे 'स्कुआ करणं'. पाखरू फक्त हिसकावतं. शब्द मात्र देण्याघेण्याला एकाच तोंडाने हाक मारतो.

हे तिथेच का घडलं असावं, तेही दिसतं. अवजड माल वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, बर्फ फोडून आणलेल्या जहाजातून येतो. कचराही जहाजानेच अमेरिकेला परत जातो. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणाचा माद्रिद करार 1991 सालचा, त्यामुळे बर्फात काही टाकून मोकळं होता येत नाही. 'फेकून दे' म्हणायला तिथे 'बाहेर' नाहीच.

'स्कुआ'चे शेजारी-शब्दही ओळखीचे झालेत. ताज्या भाज्या-फळांना 'फ्रेशीज', लांबलेल्या हिवाळ्याने डोकं बधिर झालेल्याला 'टोस्टी'. पण फ्रेशीज विमानाची वाट पाहत बसतात, स्कुआला कुणाची वाट पाहावी लागत नाही. हिवाळा लागताच पाखरं उत्तरेकडे निघून जातात, विमानं जवळपास थांबतात, चार महिने सूर्य उगवत नाही. शब्द मागे राहतो, थोड्याशा माणसांबरोबर.

अशा जूनमध्ये कुणाच्या तरी टेबलावर फेब्रुवारीत निघून गेलेल्या कुणाचा तरी दिवा जळत असतो. कुठून आणला म्हणून विचारलं, तर उत्तर एका शब्दाचं.