पासंग

नगर जिल्ह्यातील बाजारपेठेच्या एका गावी अण्णांच्या वडिलांचे भुसार मालाच्या आडतीचे दुकान होते. सकाळी गादीवर बसण्यापूर्वी वडील रिकामा तराजू उचलून धरीत आणि काटा मधोमध स्थिरावतो की नाही, हे डोळे बारीक करून पाहत. एखादे पारडे तसूभर वर राहिले, तर त्या पारड्याला पासंग बांधीत आणि मगच पहिल्या गिऱ्हाइकाकडे वळत. "रिकामा तराजू खोटा, तर भरलेला खरा कसा होईल?" असे ते म्हणत. अण्णा पुढे अभियंता होऊन १९७६ साली अमेरिकेला गेले. मिशिगनमधील एका कारखान्यात मोटारींचे सुटे भाग बनविण्यात त्यांची सारी हयात गेली. तराजू मागे राहिला. नजर मात्र सोबत आली.

निवृत्तीनंतर त्यांनी लिलावात एक जुनी स्कूलबस विकत घेतली. अमेरिकेतील शाळांच्या बसगाड्यांना १९३९ पासून तो विशिष्ट पिवळा रंग आहे. शाळेची सेवा संपली की अशा बस स्वस्तात मिळतात आणि हौशी माणसे त्यांचे फिरते घर करतात. मुलगा म्हणाला, "अण्णा, तयार मोटरहोम घेऊन देतो मी तुम्हाला." अण्णा हसून म्हणाले, "तू देशील रे. पण मग मी करू काय?" दोन वर्षे खपून त्यांनी ४० फुटी बसमध्ये पलंग, ओटा, शेगडी, पाण्याची टाकी आणि गॅसवर चालणारा फ्रीज बसविला. माईंच्या दृष्टीने या घराची खरी किंमत ओट्यात होती. त्यांचा चौविहाराचा नेम, कंदमुळे वर्ज्य. हॉटेलच्या भरवशावर असा नेम परदेशात किती दिवस चालणार? स्वतःचे स्वयंपाकघर सोबत असले, की कुठेही दिवसाउजेडी पान वाढता येते.

पण फिरत्या घराला एक उपजत खोड असते. रस्त्यावरून ते सरळ चालते; मुक्कामाला थांबले, की जमीन जशी असेल तसे कलते. सपाट दिसणाऱ्या जागेतही ४० फुटांच्या अंतरात अर्ध्या फुटाचा उतार सहज असतो. कललेल्या बसमध्ये मोरीचे पाणी निघत नाही, दारे आपोआप उघडतात, झोपणाऱ्याचे डोके खाली आणि पाय वर होतात. फ्रीजची तर वेगळीच तऱ्हा. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया आणि पाणी यांचे मिश्रण उष्णतेच्या व उताराच्या आधारे नळ्यांतून फिरते आणि थंडावा देते. गाडी फार कलली, की हा प्रवाह अडतो. दूध नासते आणि तसाच चालू ठेवला तर फ्रीजही कायमचा निकामी होतो. माईंना कानाच्या आतल्या दोषामुळे अधूनमधून भोवळ येत असे. कललेल्या जमिनीवर उभे राहणे त्यांना बोटीवर उभे राहण्यासारखे वाटे.

यावर अण्णांचा उपाय लाकडी ठोकळ्यांचा होता. खाली असलेल्या चाकापुढे ठोकळे रचायचे, गाडी त्यांवर चढवायची, पाणसळ पाहायची, पुन्हा मागे घ्यायची, एक ठोकळा वाढवायचा. एका नोव्हेंबरात युटा राज्यातील एका डोंगराळ तळावर ही कसरत पाऊण तास चालली. तेवढा वेळ आत शेगडी पेटविणे शक्य नव्हते. त्या प्रदेशात नोव्हेंबरात सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो. ठोकळे जमले तेव्हा समोरच्या लाल कड्यावरचे ऊन उतरले होते. माई काही बोलल्या नाहीत. सकाळी मळलेली कणीक त्यांनी झाकून ठेवली आणि उपाशीपोटी शाल पांघरून झोपल्या. अण्णांनीही मग काही खाल्ले नाही. रात्री उशिरापर्यंत ते जागे होते. आपल्या घरातील तराजू कलता असल्याचा भुर्दंड दुसऱ्या कुणीतरी भरला, हे त्यांना झोपू देत नव्हते.

घरी परतताच त्यांनी गाडीला चार विजेचे जॅक बसविण्याचे ठरविले. तेलाच्या दाबावर चालणारे जॅक अधिक जड गाड्या पेलतात; पण त्यांना पंप, तेलाची टाकी आणि गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नळ्या लागतात. विजेच्या जॅकमध्ये प्रत्येक पायाला स्वतःची मोटर आणि स्वतःचा स्क्रू. वीज थांबली, की पाय आहे तेथेच अडकून राहतो. मोटर बिघडली, तर हाताने फिरवून तो वर घेता येतो. आपल्या अवजारपेटीत दुरुस्त होईल तेच घ्यावे, हा अण्णांचा हिशेब.

खरेदीपूर्वी त्यांनी पाण्याच्या टाक्या भरून, सामानसुमानासह बस वजनकाट्यावर नेली. पुढच्या आसावर चार टन, मागच्या आसावर साडेसात टन. नुसते एकूण वजन पाहून जॅक घेणाऱ्याची मागची जोडी दमते, हे त्यातून ध्यानी आले. मग तारेचा हिशेब. बॅटरी पुढे आणि मागचे जॅक दहा मीटरवर. जाऊन-येऊन वीस मीटर तांब्याची तार. ५० अँपिअरचा प्रवाह १६ चौरस मिलिमीटरच्या तारेतून नेला, तर १२ व्होल्टांपैकी १ व्होल्टहून अधिक वाटेतच खर्ची पडतो. ३५ चौरस मिलिमीटरच्या तारेत साधारण अर्धाच. "माल पोचण्याआधीच हमाली एवढी खात असेल तर धंदा कसला?" असे म्हणून त्यांनी जाड तार घेतली आणि बॅटरीजवळच सर्किट ब्रेकर बसविला.

जॅकचे लोखंडी आधार बसच्या चासीच्या दोन लांब तुळयांना जोडायचे होते. तुळईच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडायचे नाही की वेल्डिंग करायचे नाही. सारा ताण तीच पट्टी सोसते. भोके घ्यायची ती मधल्या उभ्या भागात. मुलगा सुटीत मदतीला आला होता. त्याने येताना चार लोखंडी घोड्या आणल्या, गॅरेजमध्ये गाडीखाली टेकू म्हणून लावतात तशा. अण्णा थोडे रागावले. "चार चार जॅक असताना घोड्या कशाला? त्या लावण्यात सकाळ जाईल." मुलाने उत्तर न देता चासीखाली घोड्या लावल्या.

तिसऱ्या दिवशी मागचे दोन्ही जॅक बसले. अण्णांनी बस थोडी वर उचलली आणि एक बोल्ट पक्का करण्यासाठी ते पाठीवर सरपटत आत गेले. आदल्या रात्री पाऊस झाला होता. जॅकच्या पायाखाली फळी घालायची ती घाईत राहून गेली होती. जॅक मोडला नाही, स्क्रूही सरकला नाही. खालची जमीनच खचली. साडेसात टनांचा भार दोन इंच खाली आला आणि धाडकन घोड्यांवर विसावला. अण्णांच्या छातीपासून लोखंड वीतभर वर थांबले होते.

मुलाने पाय धरून त्यांना बाहेर ओढले. दोघेही ओल्या मातीत बसून राहिले. माई दारात आल्या. त्यांनी दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिले आणि पाण्याचे तांब्याभांडे आणून ठेवले. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिले होते. जॅक गाडी समतल करण्यासाठी आहेत, खाली शिरण्यासाठी नाहीत. मी वाचून पुढचे पान उलटले." मुलगा एवढेच म्हणाला, "अण्णा, आता बोल्ट मी आवळतो."

पासंग पारड्यातला उणेपणा भरून काढतो. त्याने पोते मोजता येत नाही. जन्मभर ठाऊक असलेली ही गोष्ट त्या दिवशी अण्णांना नव्याने शिकावी लागली. माणसांच्या आधाराचेही तसेच. मुलाने देऊ केलेली तयार गाडी नाकारताना त्यांना आपण स्वाभिमान राखला असे वाटले होते. त्याच अभिमानात त्यांनी घोड्याही नाकारल्या होत्या. कोणता आधार नाकारावा आणि कोणता निमूट घ्यावा, याचा निवाडा वयाबरोबर आपोआप येत नाही.

काम पुरे झाल्यावर त्यांनी घोटलेल्या सिमेंटच्या अंगणात बस उभी केली. आतल्या जमिनीवर लांबीत आणि रुंदीत पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणला आणि तीच स्थिती नियंत्रकाच्या पेटीत शून्य म्हणून नोंदविली. मग नियम ठरले. आधी हातब्रेक, मग चाकांना अडण्या. जॅक जोडीनेच चालवायचे; एकच कोपरा उचलला तर चासी पिळवटते. मागची चाके जमिनीवरून सुटू द्यायची नाहीत, कारण थांबलेल्या बसचा ब्रेक त्याच चाकांवर असतो. आणि जॅकच्या भरवशावर बसखाली कुणीही जायचे नाही. हा शेवटचा नियम अण्णांनी स्वतःच्या हाताने मराठीत लिहून चालकाच्या बाजूला चिकटविला.

पुढच्या जानेवारीत ती दोघे ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात गेली. थंडीत तेथे हजारो फिरती घरे उतरतात. जागा खडकाळ आणि उतरती होती. अण्णांनी जुने लाकडी ठोकळे काढले. आता ते चाकांऐवजी जॅकच्या पायांखाली जात होते. कळ दाबली, मोटरींचा घरघराट झाला, बस एकदा कण्हली आणि चार मिनिटांत स्थिर झाली. माईंनी शेगडी पेटविली. डोंगरावर अजून हातभर ऊन शिल्लक होते, तेव्हा दोन पाने वाढून झाली.

अण्णांनी सवयीने आमटीच्या वाटीकडे पाहिले. आमटी चारही कडांना सारखी टेकली होती. माई म्हणाल्या, "अहो, बघत काय बसलात? जेवा. ऊन आहे तोवर."