बटवा

आवक-जावकाच्या टेबलावर दिवसभर परक्यांची पत्रे नोंदवणाऱ्या माणसाने रात्री भुयारे, वेषांतरे आणि बेशुद्धीची चूर्णे यांत रमावे, यात नवल करण्यासारखे काही नाही. मला संकोच वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पदरी पदवी असताना, जी मालिका मी मोबाइलच्या वीतभर पडद्यावर पुनःपुन्हा पाहतो, ती चांगली आहे असे मला प्रामाणिकपणे म्हणवत नाही.

ही मालिका म्हणजे नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’. १९९४ ते १९९६ या काळात ती रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागत असे. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा होतो. ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीतील आमच्या घरी माजघरात संच होता आणि त्याच्यासमोर गल्लीतली निम्मी पोरे बसत. अखिलेंद्र मिश्र यांचा क्रूरसिंह आपल्या त्या अफाट भुवया नाचवून ‘यक्कू’ म्हणे, आणि सोमवारी शाळेत प्रत्येक जण यक्कू होई. वीरेंद्रसिंह व्हावयास मात्र कोणी तयार नसे. पुढे जगभर नावाजलेले इरफान खान त्या मालिकेत अय्यार बद्रीनाथ होते, हे मला फार उशिरा कळले.

या सगळ्या आनंदात एकच विघ्न होते, ते म्हणजे आजी. हातातल्या वाती वळता वळता ती दर दहा मिनिटांनी म्हणे, “अरे, हे पुस्तकात नाही.”

आणि ते खरोखरच पुस्तकात नव्हते. देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ १८८८ सालची. नौगढचा राजपुत्र, विजयगढची राजकन्या, मध्ये आडवा येणारा वजिराचा मुलगा आणि चुनारचा शिवदत्त, एवढीच काय ती मूळ कथेची चौकट. मालिकेने तिच्यावर इतके मजले चढवले की पाया दिसेनासा झाला. खत्री हे आमच्या काशीचेच म्हणावयाचे. त्यांचा जन्म बिहारातला, १८६१ चा. (त्याच वर्षी आपल्याकडे हळब्यांची ‘मुक्तामाला’ निघाली.) चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका त्यांच्याकडे होता. लाकूडतोडीच्या निमित्ताने त्या रानांतील पडके किल्ले, गुहा आणि ओढे त्यांनी पायांखाली घातले, आणि ठेका सुटल्यावर तेच सारे कागदावर उतरवले. पुढे त्यांनी काशीत लहरी प्रेस काढला, ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग लिहिले आणि ‘भूतनाथ’ अपुरी ठेवून १९१३ साली ते गेले. ती त्यांच्या मुलाने, दुर्गाप्रसाद खत्री यांनी, पुरी केली. ठेकेदारीच्या हिशेबांतून असे काही निघू शकते, हा विचार मला आमच्या रजिस्टरांकडे पाहताना कधी कधी धीर देतो.

केवळ ही कादंबरी वाचता यावी म्हणून त्या काळी अनेक उर्दू वाचक नागरी लिपी शिकले, असे सांगतात. आजीचे नेमके उलटे होते. लिपी तिची स्वतःची होती, भाषा परकी. कोकणातून सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती या गल्लीत आली, तेव्हा तिला भाजीवालीशीही बोलता येत नसे. आजोबांनी तिला ‘चंद्रकांता’ आणून दिली. ती प्रत अजून माझ्याजवळ आहे. समासांत तिने शिसपेन्सिलीने मराठी अर्थ लिहून ठेवले आहेत. ‘लखलखा’ या शब्दापुढे ‘हुंगवून शुद्धीवर आणायचे औषध’. अय्यारांच्या बटव्यापुढे नुसतेच ‘आपला असतो तसा’. पहिला भाग संपेपर्यंत समास गच्च भरलेले आहेत. तिसऱ्यात तुरळक शब्द. चौथ्यात पाने कोरी. बाई हिंदी शिकली ती कोणत्या पानापर्यंत, हे बोट ठेवून दाखवता येते.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिचा प्रवास त्या समासांच्या विरुद्ध दिशेने चालला आहे. आजी होती तोवर घरात मराठीवाचून पान हलत नसे. ती गेल्यापासून मुलगी मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. मीही दमून आलो की तिच्याच भाषेत बोलून मोकळा होतो. गेल्या पावसाळ्यात मी तिला ही मालिका दाखवली. अपेक्षेप्रमाणे तीही यक्कू झाली. मग एका रात्री मोबाइल बंद करून मी ‘खरी’ गोष्ट मराठीतून सांगावयास बसलो, आणि दुसऱ्याच वाक्याला अडलो.

“बाबा, अय्यार को मराठी में क्या कहते हैं?”

मी आजीची प्रत काढली. त्या शब्दापुढे तिने ‘हेर’ लिहून खोडले होते, ‘बहुरूपी’ लिहून तेही खोडले होते, आणि पुढची जागा तशीच सोडली होती. मी बहिर्जी नाइकांचे नाव घेऊन पाहिले. शिवाजी महाराजांचा हा हेर वेष पालटून शत्रूच्या छावणीत जाई असे सांगतात, हे ऐकून मुलीचे डोळे विस्फारले. पण त्यांच्याजवळ बटवा होता का, या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही ‘अय्यार’च ठेवला.

तेव्हापासून रोज रात्री एक प्रकरण होते. सगळे शब्द मला सुचत नाहीत. काही प्रसंग मी गाळतो, काही मालिकेतून उसने आणतो, कारण चपलेच्या युक्त्या पुस्तकात आहेत त्याहून माझ्या बालपणी अधिक होत्या. परवा कंटाळा आला म्हणून तेजसिंहाला मी बंदिखान्यातून फारच स्वस्तात सोडवले. मुलगी पांघरुणातून ताडकन उठून बसली.

“बाबा, असं नव्हतं. काल तुम्ही वेगळं सांगितलं होतं.”

तिने हे मराठीत म्हटले, हे तिच्या ध्यानातही आले नाही. मी काही बोललो नाही. तेजसिंहाला परत बेड्या घातल्या आणि प्रकरण पहिल्यापासून सुरू केले.