थांबण्याचे बळ

सावदा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे केळीच्या बागा उभ्या राहतात. आमच्या डोळ्यांपुढे मात्र एक जुनी, हिरव्या रंगाची, उघडी जीप येते. परदेशी स्पोर्ट्स कार आमच्याकडच्या तरुणांनी चित्रातच पाहिलेली. खानदेशातील मुलांची स्पोर्ट्स कार म्हणजे छत उतरवलेली महिंद्राची जीप! अशी एक जीप 2002 साली आम्ही एका परिचितांकडून विकत घेतली. आठवडाभर ती बागेच्या वाटेवर धावायची आणि रविवारी तापीचा पूल ओलांडून आम्हां सर्वांना मिस्सासाठी भुसावळला न्यायची.

थोरले चिरंजीव त्या वेळी पॉलिटेक्निकमध्ये शिकत होते. जीप घरी आली त्याच महिन्यात ते म्हणाले, "बाबा, हिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. नव्या बोलेरोला पुढे डिस्क आहेत. ते हिला बसवून घेऊ या." बोलेरो 2000 साली बाजारात आली होती, आणि तीही महिंद्राचीच. आम्ही उत्तर दिले, "जी गाडी पंधरा वर्षे या ब्रेकवर चालली, ती पुढेही चालेल." त्यांनी तीन वेळा विचारले आणि आम्ही तिन्ही वेळा नकार दिला. त्या पैशांत आम्ही जीपला नवा रंग दिला आणि नवे ताडपत्रीचे छत शिवून घेतले. चारचौघांनी गाडीची तारीफ केली, तेव्हा आम्हांला आपला निर्णय योग्यच वाटला.

2004 च्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब सातपुड्यातील पालला गेलो. परतताना उतार लागला. गाडी आम्हीच चालवत होतो. वरचा गिअर तसाच ठेवून आम्ही वळणावळणावर ब्रेक दाबत उतरत होतो. मागून चिरंजीव म्हणाले, "बाबा, खालचा गिअर टाका." आम्ही ऐकून न ऐकल्यासारखे केले. थोड्याच वेळात जळक्या लायनरचा वास आला. पुढच्या वळणावर पाय दाबला तो पेडल थेट तळाला टेकले, आणि गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही. शेजारी आमची वृद्ध आई बसली होती. तिच्या बोटांत रोझरी होती. ती काहीच बोलली नाही, तिने फक्त आमच्याकडे पाहिले. ती नजर आम्ही आजही विसरलो नाही. कसाबसा दुसरा गिअर पडला. रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता, त्यात आम्ही गाडी घातली आणि ती थांबली. कुणाला खरचटलेही नाही.

हे का घडले, ते पुढे चिरंजीवांनीच आम्हांला समजावून सांगितले. ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करीत नाही. तो त्याची उष्णता करतो. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. ड्रम ब्रेकमध्ये लायनर बंद डब्यासारख्या ड्रमला आतून घासते, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडत नाही. तापलेला ड्रम फुगतो आणि लायनरपासून दूर जातो, म्हणून पेडल अधिकाधिक खोल जाते. डिस्कचे उलट आहे. ती उघड्या हवेत फिरते, आणि तापून फुगली तरी दोन्ही बाजूंच्या पॅडकडेच सरकते. शिवाय ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट 3 जातीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो. ओलावा धरल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, पण दाब पुढे पोचवीत नाहीत. आमच्या जीपमधील ऑइल कधी बदलले होते, हे आम्हांला ठाऊकच नव्हते.

आठ दिवसांनी आम्ही जीप मेकॅनिककडे नेली. चिरंजीवांचा बेत फक्त डिस्क आणि कॅलिपर बसवण्याचा होता. मेकॅनिकने मान हलवली. "सर, अर्धं काम करायचं असेल तर जीप परत घेऊन जा," तो म्हणाला. त्याचे म्हणणे असे : ड्रममधील लायनर फिरण्याच्या ओढीने स्वतःच अधिक घट्ट बसते. डिस्कला ही मदत मिळत नाही. म्हणून पायाचे बळ वाढवणारा बूस्टर हवा. बूस्टरला हवेची पोकळी लागते आणि डिझेल इंजिन ती आपणहून देत नाही. म्हणून व्हॅक्यूम पंप हवा. मास्टर सिलिंडर नव्या कॅलिपरच्या मापाचा हवा, आणि तोही दोन कप्प्यांचा, म्हणजे एक नळी फुटली तरी दुसरी काम करील. चाकाच्या आत कॅलिपर घासता कामा नये. मागचे ड्रम पुढच्या डिस्कशी जुळते असावेत, कारण मागची चाके आधी जखडली तर गाडी गरकन फिरते. भंगारातून काही आणायचे नाही, हीही त्याची अट होती.

त्या दुकानात बसल्या बसल्या आमच्या ध्यानात आले की पेडलवरचा पायाचा दाब चारही चाकांपर्यंत नेणारा नियम ब्लेझ पास्कालचा आहे. पास्काल (1623–1662) आपल्याला श्रद्धेचा चिंतक म्हणून परिचित. पण बंदिस्त द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हेही त्याचेच सांगणे. डिस्क ब्रेकची कल्पनाही नवी नव्हे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 सालीच तिचे पेटंट घेतले होते. जगाने तिची खरी दखल घेतली ती मात्र 1953 साली. त्या वर्षी फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप जिंकली. तिला वळणापूर्वी इतरांपेक्षा उशिरा ब्रेक लावता येत असे. जी गाडी भरवशाने थांबू शकते तीच निर्धास्तपणे धावू शकते, हे त्या शर्यतीने दाखवले.

काम पूर्ण व्हायला दहा दिवस लागले आणि आमचे दोन महिन्यांचे वेतन खर्ची पडले. एका पहाटे रिकाम्या रस्त्यावर चिरंजीवांनी प्रथम हळू, मग थोड्या वेगाने, मध्ये डिस्क निवू देत, पुन्हापुन्हा ब्रेक लावून नवे पॅड डिस्कवर बसवून घेतले. मग त्यांनी किल्ली आमच्या हाती दिली. आम्ही पेडल दाबले. जीप सरळ रेषेत, आवाज न करता उभी राहिली. बांधावरची केळीची पाने हलत होती, तेवढीच काय ती हालचाल. तेव्हा आम्ही म्हणालो, "आमचे चुकले." हे दोन शब्द तोंडून निघायला आम्हांला तीन आठवडे लागले होते. चिरंजीव हसून म्हणाले, "बाबा, आता पालला तुम्हीच चालवा. फक्त खालचा गिअर टाका."

वाचकहो, हे वाचून कुणी लगेच हत्यारे हाती घेऊ नयेत. वाहनात कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना स्पष्ट केले आहे. म्हणून कोणताही बदल करण्यापूर्वी आरटीओकडे विचारणा करावी. पण ठरल्या मुदतीत ब्रेक ऑइल बदलणे, लायनर आणि टायर पाहून घेणे, आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरणे, याला कुणाची परवानगी लागत नाही.

आई आज नाही. चिरंजीव नोकरीनिमित्त परगावी असतात. जीप आमच्या अंगणात उभी आहे. जुन्या गाडीने आपल्याहून धाकट्या गाडीचे ब्रेक स्वीकारले आणि तिचे आयुष्य वाढले. तिच्याकडे पाहिले की घरातील धाकट्यांचे बोलणे पहिल्या वेळीच ऐकावे, असे वाटते. तिसऱ्या वेळेपर्यंत थांबलो, तर खडीचा ढीग प्रत्येक वळणावर असेलच असे नाही.