आलमबागेत चाक बसते तेव्हा

कानपूरकडून लखनौत शिरताना चारबाग स्थानकाच्या अलीकडे आलमबाग लागते. नवाब वाजिद अली शाह यांनी आलम आरा बेगमसाठी इथे कोठी आणि बाग उभारली. १८५७ च्या उठावात इथेच घनघोर लढाई झाली. इंग्रज सेनानी हॅवलॉकची कबरही इथलीच. आज बाग नाही. उरला आहे तो जुना दरवाजा, बसगाड्यांची वर्दळ आणि २०१७ पासून डोक्यावरून धावणारी मेट्रो.

या गर्दीत मोटारसायकल पंक्चर झाली, तर ती ढकलतच न्यावी. चालवत नेली, की रिमखाली चेपून ट्यूब चिरते. कारागीर हवा भरलेली ट्यूब पाण्यात फिरवतो. बुडबुडे दिसले, की ती जागा घासून सोल्युशन लावतो आणि ते सुकल्यावरच ठिगळ दाबतो. टायरच्या आतून हात फिरवून रुतलेला खिळा काढला ना, हे मात्र आवर्जून पाहावे. नाहीतर पुढच्या चौकात पुन्हा तीच रड. वॉल्व्हच्या बुडाशी चीर असेल, तर ठिगळ टिकत नाही. मागे बायको-मुले बसणार असतील, तर काटकसर न करता नवी ट्यूबच घालावी.

तेवढ्या वेळात जुना दरवाजाही पाहून होतो!