सांगावे की न सांगावे

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ खाली गुन्हा ठरत नाहीत. मी तेव्हा आठवीत होतो. वाटले, आता सांगून टाकावे. पण न्यायालय दिल्लीत, आणि माझा बाक मागच्या रांगेत! तिथे ‘बायल्या’ ही हाक रोजचीच. बाईंना सांगावे, तर त्या बाबांना बोलावणार. बाबांना कळले, तर शाळा सुटण्याची धास्ती. शेवटी नववीत एकाच मित्राला सांगितले. तो म्हणाला, “बरं. गणित झालं का?” त्या प्रश्नाने मला जगवले.

सांगणे म्हणजे काही उधारी नाही, की मागेल त्याला चुकती करावी. ज्याच्यापाशी ते सुखरूप राहील, त्याला आधी सांगावे. घरी गेल्या दिवाळीत सांगितले. तुम्हांला आज सांगतो आहे.