सुईमागचा पडदा

शासकीय सेवेत असताना खरेदी समितीचे सदस्यत्व सात वर्षे आमच्या वाट्याला आले. त्या काळात आम्ही पंखे घेतले, पाण्याचे पंप घेतले, लोखंडी कपाटे घेतली आणि प्रत्येक वेळी तीन निविदा, तुलनात्मक तक्ता व न्यूनतम दर या त्रिसूत्रीस इमानाने जागलो. गोंदणाचे यंत्र निवडण्याचा प्रसंग मात्र त्या सात वर्षांत आला नाही. तो निवृत्तीनंतर, आमच्याच बैठकीच्या खोलीत आला.

आमची नात, म्हणजे मुलीची मुलगी, चित्रकलेची पदवी घेऊन वर्षभर एका टॅटूच्या दुकानात उमेदवारी करीत होती. आता तिला स्वतःचे यंत्र हवे होते. "आबा, पैसे द्या असं नाही म्हणत मी. पण तुम्ही पर्चेस कमिटीत होते ना, मग निवडून तर द्या!" इंदूरच्या मराठीतले हे 'तुम्ही होते' दुरुस्त करण्याचे आम्ही केव्हाच सोडून दिले आहे. सौ. दारात उभी राहून हे ऐकत होती. ती काही न बोलता आत निघून गेली. त्याचे कारण आम्हांला ठाऊक होते, नातीला नव्हते.

अपरिचित वस्तू घ्यायची तर आधी ती चालते कशी ते समजून घ्यावे, ही आमची जुनी खोड. नातीच्या उस्तादाकडे कॉइलचे यंत्र होते. त्याची रचना विजेच्या घंटीसारखी असते: कॉइलमध्ये वीज खेळली की लोखंडी पट्टी खाली खेचली जाते, ती खेचली गेली की संपर्क तुटतो, संपर्क तुटला की स्प्रिंग तिला पुन्हा वर उचलते. त्यामुळेच ते घंटीसारखे घणघणते. रोटरी यंत्रात यातले काही नाही. एक लहानशी मोटर, तिच्या टोकाशी मध्यापासून किंचित बाजूस बसविलेला खुंटा. मोटर फिरली की खुंटा लहानसे वर्तुळ काढतो आणि त्याला टेकलेली दांडी खाली-वर होते. शिवणयंत्र पाहिलेल्या कोणालाही हे समजावे.

आम्ही रोटरीला नवलाईची वस्तू समजत होतो. प्रत्यक्षात ती कॉइलपेक्षा जुनी निघाली. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने १८९१ साली गोंदणाच्या विद्युत यंत्राचे पेटंट घेतले, ते एडिसनच्या १८७६ च्या विद्युत लेखणीवर बेतलेले होते. आणि ही लेखणी कशासाठी? तर कचेरीतील कागदांच्या प्रती काढण्यासाठी! डोक्यावर मोटर असलेली ती लेखणी कागदाला बारीक छिद्रे पाडी, आणि त्यांतून शाई फिरवून प्रती निघत. ज्याचे अर्धे आयुष्य सायक्लोस्टाइलच्या शाईत गेले, त्याला या यंत्राविषयी एकाएकी आपलेपणा वाटू लागला तर नवल नाही.

खरी नवी गोष्ट म्हणजे कार्ट्रिज. (काडतूस म्हणावे तर बंदूक आठवते, म्हणून कार्ट्रिजच म्हणतो.) पूर्वी सुई लांब दांडीला डाख देऊन जोडलेली असे. आता ती प्लॅस्टिकच्या लहानशा नळीत बंद येते. यंत्राच्या तोंडाशी बसवून जरा फिरवली की काम सुरू, आणि काम संपले की नळीसकट फेकायची. डबीवर '१२०७ आर.एल.' असे काही लिहिलेले असते. त्यातील बारा हा सुईच्या जाडीचा, म्हणजे ०.३५ मिलिमीटरचा संकेत. सात ही सुयांची संख्या. आणि अक्षरे सांगतात की या सुया रेघेसाठी गोलाकार बांधल्या आहेत. सुया जुळवून बांधण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच. डिंडोरीला नेमणूक असताना बैगा स्त्रियांचे अंग गोंदणारी बादी समाजातील एक बाई आम्ही पाहिली होती. रामतिळाच्या तेलाचे काजळ आणि सुयांचा जुडगा, एवढ्यावर ती पाठभर नक्षी उमटवीत होती.

आता मुद्दा असा की, कार्ट्रिजमध्ये यंत्र सुईला फक्त पुढे ढकलते. मागे आणण्याचे काम नळीतला लवचीक पडदा करतो. म्हणजे मोटरला प्रत्येक ठोक्यात त्या पडद्याचा ताण जिंकावा लागतो. मोटर दुबळी असेल तर ताठ पडद्यापुढे ती अडखळते, आणि रेघ तुटक येते. म्हणून पत्रकावर छापलेल्या फेऱ्यांच्या आकड्यांना आम्ही तक्त्यात स्तंभच दिला नाही. भाराविना मोजलेल्या फेऱ्या आणि पंपाच्या पट्टीवरची अश्वशक्ती यांची योग्यता आम्ही सेवेत असतानाच ओळखली होती. त्याऐवजी कार्ट्रिज बसवून, व्होल्ट अगदी कमी ठेवून यंत्र सुरू होते की नाही ते पाहायचे, आणि अर्धा तास चालवून त्याचे अंग किती तापते ते हाताने चाचपायचे.

उमेदवार तीन होते. उस्तादाचे जुने कॉइल यंत्र, कार्ट्रिजची मूठ जोडून, जवळजवळ फुकट. वायरीचे एक साधे पेनच्या आकाराचे रोटरी. आणि बिनवायरीचे, मागे बॅटरी असलेले परदेशी रोटरी, ज्यावर नातीचा जीव जडला होता. पहिले ताठ पडद्याशी झुंजताना सुरुवातीलाच बाद झाले. उरलेल्या दोहोंचा स्ट्रोक, म्हणजे सुईची ये-जा, साडेतीन मिलिमीटरची होती. खुंटा मध्यापासून पावणेदोन मिलिमीटर सरकवला की तेवढी मिळते. छायेसाठी याहून कमी आणि ठसठशीत रेघेसाठी जास्त घेणारे कारागीर आहेत. एकाच यंत्रावर दोन्ही शिकायचे तर मधले बरे, असे नातीचेच म्हणणे पडले. स्ट्रोक म्हणजे सुईची खोली नव्हे, हेही तिनेच आम्हांला बजावले. कातडीत सुई जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जावी. ते हाताचे काम.

हाताची परीक्षा तिने रबरी कातडीवर दिली. बॅटरीचे वजन मागे असल्याने वीस मिनिटांत तिचे मनगट भरून आले. तरी वायरीचा अडथळा नाही म्हणून ती त्याचीच बाजू घेत राहिली. आम्ही विचारले, "हे यंत्र धुवायचे कसे?" ती म्हणाली, "धुवायचं नाही आबा. मोटर आहे ना आत. ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. वरून प्लॅस्टिक गुंडाळायचं."

"आणि आतून?"

"आतून काही जातच नाही. पडदा असतो."

इथे आम्हांला सौ.ची गोष्ट सांगावी लागली. तिच्या डाव्या मनगटावर हिरवट तुळस आहे. १९७१ साली ओंकारेश्वरच्या जत्रेत, अकरा वर्षांची असताना, मैत्रिणींच्या रांगेत बसून तिने ती गोंदवून घेतली. सुया त्याच, वाटी तीच. २०१४ साली पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासले, तेव्हा हिपॅटायटिस सी निघाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न मनगटाकडे पाहूनच विचारला. पण त्याच वर्षी विषमज्वरात तिला काचेच्या सिरिंजने कितीतरी इंजेक्शने दिली गेली होती. सिरिंज उकळली की नाही कोण जाणे. त्या विषाणूचा शोधच मुळी १९८९ चा. दोष तुळशीचा की दवाखान्याचा, हे कधीच ठरणार नव्हते, आणि डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले. २०१५ साली सोफोसबुविर भारतात माफक दरात मिळू लागले. बारा आठवडे गोळ्या घेऊन ती पूर्ण बरी झाली. मात्र मधले एक वर्ष तिने आपल्या पेल्याला घरात कोणाला हात लावू दिला नाही. पेल्याने हा रोग पसरत नाही, हे डॉक्टरांनी सांगूनही.

नात बराच वेळ गप्प बसली. मग तीच म्हणाली, "मग आधी पडदा तपासू."

तीन निरनिराळ्या कारखान्यांची कार्ट्रिजे आणली. तिन्ही डब्यांवर पडदा असल्याचा दावा, निर्जंतुक केल्याची खूण, मुदतीची तारीख, सारे यथास्थित. प्रत्येकाच्या मागच्या तोंडाशी पांढरा टिश्यू कागद गुंडाळला, आणि निळीच्या पाण्यात टोक बुडवून वीस-वीस मिनिटे यंत्र चालविले. दोन कागद कोरडे, पांढरे निघाले. तिसरा, सर्वांत स्वस्त डब्यातला, निळा झाला होता. नातीने नळी चाकूने उभी चिरली. आत सुईला मागे खेचायला रबरी वेढे होते, पडदा नव्हताच.

हे चालले असताना सौ. केव्हा येऊन मागे उभी राहिली ते कळले नाही. तिने तो निळा कागद उचलून उजेडाला धरला.

"याची किती उरलीत?"

"एकोणीस."

वापरलेल्या सुयांसाठी नातीने जाड प्लॅस्टिकचा पिवळा डबा आणला होता. सौ.ने ती एकोणीसच्या एकोणीस कार्ट्रिजे वेष्टनासकट एकेक करून त्यात टाकली. वीसपैकी एकोणीस नग न वापरता निकाली काढल्यास लेखापरीक्षकाने आमच्याकडून खुलासा मागविला असता.

वायरीचे यंत्र घेतले. बिनवायरीच्या किमतीतून जे वाचले, त्यात चांगल्या कार्ट्रिजांचे चौदा डबे आले. न्यूनतम दराचे सूत्र आम्ही यंत्रापुरते पाळले आणि सुईपाशी मोडले, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

परवा दुपारी नात रबरी कातडीवर तुळशीची नक्षी गिरवीत होती. सौ. शेंगा सोलत शेजारी बसली होती. मध्येच हात थांबवून तिने आपल्या मनगटाकडे पाहिले आणि म्हणाली, "अगं, पानं सात काढ. नऊ नव्हती."