चोकची दांडी गरम लागते

“सेल्फ मारताना चोकची दांडी हाताला गरम लागते.” गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी मी हे सांगितलं होतं. ते कुणी ऐकून घेतलं नाही, आणि त्यापायी आमचा अख्खा हिवाळा वाया गेला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. यजमानांची निफाडजवळ द्राक्षबाग, माझी नाशिकला सकाळची शाळा. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. नेमक्या त्याच वेळी मला निघायचं असायचं. चावी फिरवली की इंजिन कण्हल्यासारखं एक-दोन वेढे फिरायचं आणि थांबायचं. मग बागेतली माणसं बोलवायची, धक्का द्यायचा. दुपारी मात्र तीच गाडी एका सेल्फला सुरू.

गॅरेजवाल्यानं माझं वाक्य ऐकलं आणि यजमानांकडे वळून म्हणाला, “भाऊ, ताईंना चोक मारता येत नसंल. जास्त ओढला की प्लग ओले होतात.” गाडी रोज मी चालवते, यजमान ट्रॅक्टरवर असतात. तरी पुढचं सगळं बोलणं त्यांच्याशीच झालं. मी परत दांडीचं सांगितलं, तर म्हणाला, “इंजिनची गरमी येत असंल.” रात्रभर दहिवरात उभ्या असलेल्या, सुरूच न झालेल्या इंजिनाला गरमी कुठून येणार? हा प्रश्न मी विचारला. उत्तर आलं नाही.

मग बॅटरी बदलली. दोन-चार दिवस बरे गेले, कारण नव्या बॅटरीत जोर जास्त होता. पुन्हा थंडीची लाट आली आणि पुन्हा धक्का. मग सेल्फ खोलून कार्बन ब्रश बदलले. मग कार्बोरेटर उतरवला, धुतला, जेट फुंकले. शेवटी सल्ला मिळाला की जुनी गाडी आहे, काढून टाका. प्रत्येक वेळी पैसे दिले, आणि प्रत्येक वेळी चोक कसा ओढायचा याची शिकवणी मला फुकट मिळाली. वर्गात एखादं पोर काही वेगळं सांगायला लागलं तर आधी त्याचं म्हणणं पुरतं ऐकावं लागतं. यंत्राच्या बाबतीत हे का चालत नाही, मला कळत नाही. बाई सांगते म्हणून, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळेतल्या एका सहकाऱ्यानं एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सुचवलं. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारलं, “बाई, नेमकं काय काय होतं, पहिल्यापासून सांगा.” मी दांडीवर आले आणि ते थांबलेच. “गरम? सेल्फ मारतानाच ना?” त्यांनी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर धरली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. काटा तीन व्होल्टच्या पुढे गेला. तिथं अर्धा व्होल्टसुद्धा जास्त, म्हणाले.

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. सेल्फला लागणारा शंभरावर अँपिअरचा करंट इंजिनमधून अर्थच्या पट्टीनं बॅटरीकडे परततो. आमची ती पट्टी गिअरबॉक्सजवळ बोल्टखाली गंजून हिरवट झाली होती. वाट अडली की करंट दुसरी वाट शोधतो. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये धातूचा एक दुवा होता चोकच्या केबलचा. ती बारीक केबल सेल्फचा भार ओढत होती, म्हणून तापत होती. ती पेटलीही असती, असं ते म्हणाले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

थंडीतच का? गारठ्यात ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जास्त करंट लागतो, आणि बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावल्यामुळे तोच कमी मिळतो. जितका करंट जास्त, तितके गंजलेल्या जोडावर व्होल्ट जास्त वाया जातात. इग्निशन कॉइललाही मग पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. त्यात थंड पेट्रोलची वाफ नीट होत नाही. दुपारी यातलं काहीच नडत नाही.

पट्टी बदलली, बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केली, वर ग्रीस लावलं. गाडी पहाटे एका सेल्फला सुरू झाली आणि अजून होते. जुनी गाडी गारठ्यात नडत असेल तर पार्ट बदलण्याआधी ही मोजणी करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. आणि दोष शोधून काढण्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर द्यावेत. पार्ट विकल्याशिवाय कारागिराचं पोट भरत नसेल तर तो पार्टच विकणार.

त्या गॅरेजची पायरी पुन्हा चढायची नाही असं ठरवलं होतं. पण कार्बोरेटर त्यानं चोख धुतला होता, गाडीचं ॲव्हरेज वाढलं, हे मला नाकारता येत नाही. परवा क्लचच्या कामाला गाडी त्याच्याकडेच दिली. तक्रार मात्र मी आता कागदावर लिहून नेते, त्याला मोठ्यानं वाचायला लावते आणि खाली सही घेते.